डिस्क बदलल्यावर पुन्हा पुन्हा येणारी खटखट आणि थरथर: कॅलिपरचे बोल्ट नेमके कसे आवळायचे

पुढच्या ब्रेकच्या डिस्क आणि पॅड सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्वतः बदलणाऱ्यांच्या तक्रारी साधारण तीन प्रकारच्या असतात. एक, आठ-पंधरा दिवसांतच घोडबंदर रोडच्या खड्ड्यांवर पुढच्या एका चाकातून खटखट सुरू होते. दोन, काही हजार किलोमीटर गाडी छान चालते आणि मग ऐंशीच्या वेगात ब्रेक दाबला की स्टेअरिंग थरथरतं. नवी डिस्क टाकली की थांबतं आणि काही महिन्यांनी परत येतं. तीन, पुढच्या वेळी उघडायला जावं तर बोल्ट एकतर हाताने फिरतो, नाहीतर आटे सोबत घेऊन बाहेर येतो.

या तिन्हींवर लोक एकच उपाय करतात: पुढच्या वेळी अजून जोर लावून आवळतात. त्याने तिसरी तक्रार लवकर येते, बाकी काही होत नाही. मॅन्युअलमधला टॉर्कचा, म्हणजे बोल्ट फिरवायच्या जोराचा, आकडा स्वच्छ आटे आणि स्वच्छ बैठक (दोन भाग एकमेकांना टेकतात ती जागा) गृहीत धरून दिलेला असतो. बैठकीवर गंज, आट्यांत जुन्या थ्रेडलॉकरची (बोल्ट सुटू नये म्हणून लावायच्या गोंदाची) पूड किंवा तेल असेल, तर टॉर्क रेंच, म्हणजे ठरवलेल्या जोराला वाजणारा पाना, बरोबर आकड्याला 'टक्' वाजेल आणि जोड तरीही चुकीचा आवळला जाईल.

आवाज नक्की कुठला, ते आधी ठरवा

खडबडीत जागेवरून पंधरा-वीसच्या वेगात जाताना ब्रेक अगदी हलका टेकवा. आवाज थांबला तर पॅड, क्लिप किंवा कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) हलतोय. तसाच राहिला तर सस्पेन्शनमधले लिंक रॉड, लोअर आर्मचा बुश, बॉल जॉइंट बघा. कॅलिपर उघडून हाती काही लागणार नाही. आवाज थांबत असेल तर मात्र चाक काढून बघेपर्यंत गाडी बाहेर काढू नका. कॅलिपर ज्यावर बसतो त्या ब्रॅकेटचा एक बोल्ट निसटला की कॅलिपर फिरून रिमच्या आतल्या बाजूवर आदळतो आणि चाक जाम होऊ शकतं.

बोल्ट दोन जातींचे, कामंही वेगळी

बहुतेक छोट्या-मध्यम गाड्यांना पुढे फ्लोटिंग, म्हणजे आडवा सरकणारा, कॅलिपर असतो. त्यात दोन गाइड बोल्ट कॅलिपरला सरकत्या पिनांवर धरतात. ते बारीक असतात, बहुधा एम८ (८ मिलिमीटर जाडीचे), आणि त्यांचा टॉर्क साधारण २२ ते ३५ न्यूटन-मीटर. दुसरे दोन बोल्ट ब्रॅकेटला नकलवर (चाकाला मागून धरणाऱ्या सांगाड्यावर) धरतात. ते जाड, एम१० किंवा एम१२, टॉर्क बहुतेक गाड्यांत ८० ते ११० न्यूटन-मीटर. काही गाड्यांत याहूनही जास्त. तुमच्या मॉडेलचा आणि वर्षाचा नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्या. एकाच नावाच्या गाडीत पिढी बदलली की आकडा बदलतो.

ब्रेक दाबल्यावर पॅड ब्रॅकेटला ढकलतात आणि तो सगळा भार नकलवर जातो. हा भार बोल्टच्या दांड्याने झेलायचा नसतो. बोल्टने ब्रॅकेट आणि नकल इतके दाबून धरायचे असतात की त्यांच्यामधल्या घर्षणानेच भार झेलला जावा. दाब कमी पडला की ब्रॅकेट प्रत्येक ब्रेकला केसभर सरकतो, बोल्टवर आडवा मार बसतो आणि तो हळूहळू उलटा फिरतो. म्हणून ब्रॅकेटची बैठक स्वच्छ लागते. तिथे गंजाचा थर किंवा रंग असला, तर गाडी चालवताना गरम-गार होऊन तो थर चेपतो आणि बोल्टचा ताण निघून जातो. कॅलिपर लाल-पिवळे रंगवायची हौस असेल तर जरूर रंगवा, पण ब्रॅकेट नकलला टेकतो ती जागा आणि बोल्टच्या डोक्याखालची जागा टेपने झाकूनच. या दोन ठिकाणचा रंग हे बोल्ट ढिले होण्याचं हमखास कारण आहे.

गाइड बोल्टची गोष्ट उलटी. त्यांच्यावर ब्रेकचा मोठा भार येत नाही, त्यामुळे जास्त आवळून फायदा शून्य. ८.८ दर्जाच्या (हा ताकदीचा आकडा डोक्यावर असतो) एम८ बोल्टची ऐपतच सुमारे २५ न्यूटन-मीटरची असते; ३५ चा आकडा वरच्या दर्जाच्या बोल्टचा. त्याला ब्रॅकेटचा आकडा लावला तर तो ताणून लांबतो, पिनचे आटे जातात किंवा डोकं तुटून हातात येतं. सगळ्या बोल्टना एकच रेंच एकाच सेटिंगवर लावणं ही इथली सगळ्यात महागात पडणारी चूक आहे.

रेंच: एक पुरत नाही

बाजारात सहज मिळणारा अर्धा इंची टॉर्क रेंच ४० ते २०० च्या आसपासचा असतो. तो ब्रॅकेट आणि व्हील नटसाठी ठीक. गाइड बोल्टचे २६ न्यूटन-मीटर त्याच्या मापातच येत नाहीत. क्लिक प्रकारचे रेंच आपल्या कमाल आकड्याच्या पाचव्या हिश्शाखाली भरवशाचे नसतात, म्हणून १० ते ६० किंवा २० ते ११० चा थ्री-एट्थ इंची रेंच वेगळा घ्या. ठाणे-नवी मुंबईतल्या हार्डवेअरच्या दुकानांत नसेल तर मुंबईत नागदेवी स्ट्रीटला जा, तिथे दोन्ही मापं हातात घेऊन बघता येतात.

एकक नीट वाचा. दांड्यावर बहुधा दोन पट्ट्या कोरलेल्या असतात. फूट-पाउंडाच्या पट्टीवर ३० लावलेत तर बोल्टला ४० न्यूटन-मीटर बसतात, आणि गाइड बोल्टला तेवढं पुरेसं घातक आहे. जुन्या मॅन्युअलमध्ये किलो-मीटरमध्ये आकडे असतात. १ किलो-मीटर म्हणजे ९.८ न्यूटन-मीटर.

रेंच खरा बोलतोय का, हे घरी ढोबळ तपासता येतं. चौकोनी टोक व्हाइसमध्ये पकडा, दांडा आडवा ठेवा आणि मुठीच्या मधोमध दहा किलो वजन टांगा. टोकाच्या मध्यापासून टांगलेल्या जागेपर्यंत अंतर ४० सेंटिमीटर असेल तर टॉर्क ३९ न्यूटन-मीटर होतो. दांड्याच्या स्वतःच्या वजनाने त्यात एक-दोनची भर पडते. ४० च्या जवळपास क्लिक होत असेल तर रेंच कामाचा. पाच-सहाहून जास्त फरक दिसला तर कॅलिब्रेशन करून घ्या. वागळे इस्टेट आणि महापे-रबाळे पट्ट्यात हे काम करणाऱ्या लॅब आहेत.

वापरतानाच्या गोष्टी थोड्याच आहेत. रेंचने बोल्ट सोडवू नका, त्यासाठी लांब दांडा आणि सहा कोनी सॉकेट. पकड मुठीवरच ठेवा, दांड्याला पाइप घालू नका. एकसारखा, सावकाश ओढा आणि पहिल्या 'टक्'ला थांबा. खात्रीसाठी अजून दोनदा वाजवला की बोल्ट पुढे सरकलेला असतो. सरळ एक्स्टेन्शनने आकडा बदलत नाही. बाजूला वाढणारं क्रो-फूट तोंड लावलं तर बदलतो: ४० सेंटिमीटरच्या रेंचला सरळ रेषेत ५ सेंटिमीटरचं तोंड जोडलं, तर १०० साठी ८९ लावावे लागतात. तेच तोंड काटकोनात लावलं तर आकडा जवळपास तोच राहतो. काम झालं की सेटिंग मापाच्या सगळ्यात खालच्या खुणेवर आणून ठेवा, तिच्याखाली नाही.

उघडताना

जागा सपाट हवी. पोडियमचा उतार नको, स्टिल्टची फरशी चालेल. हँडब्रेक, पहिला गिअर, मागच्या चाकांना ठोकळे. व्हील नट गाडी जमिनीवर असतानाच पाव फेरा सैल करा, मग जॅक, मग स्टँड. ब्रॅकेटचे बोल्ट सोडवायला बराच झटका लागतो आणि नुसत्या जॅकवर उभ्या गाडीला असा झटका देणं जिवावर बेतू शकतं. स्टँड नसेल तर काम सुरूच करू नका.

स्टेअरिंग वळवून कॅलिपरची मागची बाजू बाहेर आणा. गाइड बोल्ट सोडवताना पिन सोबत फिरते, तिला पातळ फिक्स पान्याने धरा. फोक्सवॅगन-स्कोडाच्या बऱ्याच मॉडेलांत इथे ७ मिलिमीटरची अ‍ॅलन की लागते. ६ ची घालून 'बसतेय' म्हणाल तर खाच गोल होईल. वरची पिन कुठली आणि खालची कुठली याचा फोटो काढा. एकीला पुढे रबराची बाही असते किंवा तिचा आकार वेगळा असतो, आणि अदलाबदल झाली की कॅलिपर अडकतो किंवा खडखडतो. कॅलिपर सुटला की त्याला तारेने स्प्रिंगला टांगा, होजवर (ब्रेक ऑइलच्या नळीवर) लोंबकळू देऊ नका. ब्रेक ऑइलच्या होजचा बोल्ट या कामात उघडायचाच नसतो.

ब्रॅकेटचे बोल्ट हटत नसतील तर गंज सोडवणारा स्प्रे मारून वीस मिनिटं थांबा. हा स्प्रे परत जोडण्याआधी पूर्ण पुसला गेला पाहिजे. आट्यांत राहिलेलं तेल पुढे काय करतं ते खाली येतंच. डिस्क हबला चिकटली असेल तर बऱ्याच डिस्कना दोन आटेदार भोकं असतात. त्यात मापाचे बोल्ट आळीपाळीने आवळले की डिस्क आपोआप सुटते.

थरथर इथे जन्माला येते

आता हबची, म्हणजे डिस्क आणि चाक ज्यावर बसतात त्या भागाची, बैठक. खाडीकाठच्या दमट, खारट हवेत आणि चार महिन्यांच्या पावसात, ऐरोली असो की कळवा, हबवर गंजाचे पापुद्रे धरतात. सगळ्यात जाड थर प्रत्येक स्टडच्या (व्हील नट बसतो त्या आटेदार दांड्याच्या) मुळाशी आणि मधल्या उंचवट्याच्या कडेला असतो, जिथे ब्रश पोचत नाही. नखाने खरवडलं तर खपली निघते, इतका.

ही खपली किती नुकसान करते ते हिशेबाने बघा. १४० मिलिमीटर व्यासाच्या हबच्या एका कडेला ०.०५ मिलिमीटरचा कण राहिला. २४० मिलिमीटरची डिस्क त्याने तिरकी बसली, तर बाहेरच्या कडेला तिचं डोलणं सुमारे ०.०९ मिलिमीटर होतं. बऱ्याच गाड्यांत परवानगीच ०.०५ ते ०.१ मिलिमीटरची असते. सुरुवातीला काहीच जाणवत नाही. पण ब्रेक न लावताही प्रत्येक फेऱ्यात डिस्कची तीच जागा पॅडला घासून जाते, तिथली जाडी हळूहळू कमी होते, आणि काही हजार किलोमीटरनंतर जाडीतला फरक ०.०१५ ते ०.०२ मिलिमीटरवर गेला की स्टेअरिंग थरथरायला लागतं. लोक म्हणतात डिस्क वाकली. बहुतेक वेळा ती वाकलेली नसते, तिरकी बसवल्यामुळे असमान झिजलेली असते. हब साफ न करता नवी डिस्क टाकली की तेच चक्र पहिल्यापासून सुरू होतं.

तारेचा ब्रश, मग १२० नंबरचा पॉलिश पेपर, स्टडभोवती छोटा गोल ब्रश. धातू उघडा दिसेपर्यंत घासा, पण धातू खाऊ नका. ग्राइंडर इथे नको. नव्या डिस्कवरचं तेल ब्रेक क्लीनरने पुसा. हबच्या मधल्या उंचवट्यावर अँटी-सीझचा (भाग गंजून चिकटू नयेत म्हणून लावायच्या पेस्टचा) पुसट हात चालेल, सपाट बैठकीवर काही लावू नका.

डिस्क बसवून सगळे व्हील नट वायसर घालून आवळा आणि डायल गेज (बारीक हालचाल काट्यावर दाखवणारं माप) कडेपासून साधारण १० मिलिमीटर आत टेकवून डिस्क फिरवा. चुंबकी स्टँडसह गेज फार महाग नाही, आणि या कामात त्याच्याइतकी उपयोगी दुसरी वस्तू नाही. काटा ०.०५ च्या आत राहिला तर उत्तम. जास्त दिसला तर डिस्क एक स्टड पुढे फिरवून परत मोजा. हबचं आणि डिस्कचं डोलणं एकमेकांना खोडून काढेल अशी एखादी जागा बऱ्याचदा सापडते.

बोल्ट आवळणं

बोल्टवर आपण लावलेल्या जोरापैकी जवळजवळ नव्वद टक्के घर्षणात जातो आणि फक्त दहाएक टक्के बोल्टला ताण देतो. म्हणून आट्यांना तेल लागलं की घर्षण घटतं आणि त्याच आकड्याला बोल्टवरचा ताण पाव ते तिसऱ्या हिश्शाने वाढू शकतो. गंजके आटे असले तर उलटं: रेंच वाजतो, ताण मात्र बसलेलाच नसतो. ढिला झालेला बोल्ट आणि तुटलेला बोल्ट, दोन्ही 'बरोबर टॉर्क'ने आवळलेले असू शकतात ते असे.

बोल्टचे आटे तारेच्या ब्रशने साफ करा, नकलमधल्या भोकात ब्रेक क्लीनर मारून कापडाने कोरडं करा. जुना थ्रेडलॉकर भरला असेल तर आटे साफ करायचा थ्रेड चेझर फिरवा. कापणारा टॅप चांगले आटेही खातो. मग बोल्ट हाताने पाच-सहा फेरे आत गेला पाहिजे. गेला नाही तर थांबा, काढा, परत सरळ लावा. इथे इम्पॅक्ट गन लावली की वाकडा शिरलेला बोल्टही बिनतक्रार आत जातो आणि नकल बाद होते.

थ्रेडलॉकर मॅन्युअलने सांगितला असेल किंवा बोल्टवर मूळ लेप दिसत असेल तरच. निळा, मध्यम ताकदीचा, दोन-तीन थेंब. लाल नको, तो काढायला आच द्यावी लागते. पूर्ण पक्का व्हायला एक दिवस धरा. काही गाड्यांत, विशेषतः युरोपीय, लेप असलेले बोल्ट प्रत्येक वेळी नवेच घालायचे असतात; तिथे बचत करू नका. आटे चेपलेला, दांडा बारीक दिसणारा किंवा डोकं गोल झालेला बोल्टही कुठल्याच गाडीत परत वापरू नका. नवा घेताना डोक्यावरचा ८.८ किंवा १०.९ हा दर्जा जुळवा. हार्डवेअरच्या दुकानातला बिनखुणेचा बोल्ट ब्रेकला चालत नाही.

ब्रॅकेटचे दोन्ही बोल्ट आधी हाताने टेकवा, मग दोन्ही अर्ध्या टॉर्कला, मग पूर्ण. एकच बोल्ट थेट शेवटापर्यंत आवळला तर ब्रॅकेट तिरका बसतो आणि दुसरा बोल्ट तो तिरकेपणा ओढून काढण्यातच ताण घालवतो. पूर्ण टॉर्कनंतर पेंट मार्करने बोल्टच्या डोक्यावरून ब्रॅकेटपर्यंत एक सरळ रेघ ओढा.

पिना पुसून त्यांना सिलिकॉन ब्रेक ग्रीसचा पातळ लेप द्या. चासिसचं साधं ग्रीस रबर फुगवतं, मग पिन जाम होते, एकच पॅड झिजतो आणि लोक दोष बोल्टला देतात. भोक ग्रीसने भरू नका, नाहीतर आत कोंडलेली हवा पिन परत बाहेर ढकलते. ग्रीस गाइड बोल्टच्या आट्यांपर्यंत जाता कामा नये. पिन बोटाने ढकलून सहज आत-बाहेर झाली पाहिजे. क्लिप आणि पॅड बसवा, जुना पॅड टेकवून सी-क्लॅम्पने पिस्टन सावकाश मागे दाबा आणि टाकीतलं ब्रेक ऑइल काठावर येत नाही ना ते बघा, रंगावर सांडलं तर रंग उखडतो. मागच्या चाकांना बऱ्याच गाड्यांत पिस्टन फिरवत आत न्यावा लागतो, तिथे क्लॅम्प लावू नका. गाइड बोल्ट छोट्या रेंचने, पिन पान्याने धरून.

चाक लावल्यावर नट एक सोडून एक या क्रमाने, दोन टप्प्यांत, चाक जमिनीला टेकलेलं असताना. गाडी हलवण्याआधी पेडल टणक होईपर्यंत दाबा. पहिल्या एक-दोन दाबांना ते थेट तळाला जातं, आणि ते पार्किंगमध्येच जायला हवं. मग पहाटे मोकळ्या, रुंद रस्त्यावर, उलवे-खारघरकडे असे बरेच आहेत, ६० वरून १० पर्यंत आठ-दहा वेळा मध्यम दाबाने वेग कमी करा, मध्ये अर्धा मिनिट वारा लागू द्या. गरम असताना पूर्ण थांबून पेडल दाबून धरू नका, पॅडचा थर डिस्कवर एकाच जागी उमटतो.

नंतर

शंभर किलोमीटरनंतर व्हील नट टॉर्क रेंचने परत बघा. ब्रॅकेटच्या बोल्टवर पुन्हा रेंच लावू नका, विशेषतः थ्रेडलॉकर लावला असेल तर. फक्त रेघ बघा, तेव्हा एकदा आणि हजार किलोमीटरला एकदा. रेघ तुटली असेल तर तो बोल्ट आहे तसा आवळून चालणार नाही. काढा, बैठक आणि आटे तपासा, नवा बोल्ट घाला. पिनचे आटे गेले असतील तर पिन बदला, स्वस्त भाग आहे. नकलमधले आटे गेले असतील तर नकल बदला. वेल्डिंग करून परत आटे पाडून देतो म्हणणाऱ्याचं ऐकू नका.

सगळं नीट करूनही थरथर परत आली, तर मधल्या काळात पंक्चर काढलं होतं का ते आठवा. गनने नट बेफाम आणि कमी-जास्त आवळले गेले की डिस्कची बैठक ओढली जाते आणि डोलणं नव्याने सुरू होतं. पंक्चरच्या दुकानात नट हातपान्यानेच लावायला सांगा, आणि घरी आल्यावर सगळे नट सैल करून मापाने परत आवळा.